निवटीचे पितर

नवी मुंबईला कुणी फिरायला जात नाही. माणसं तिथे नोकरीसाठी जातात, लेकाच्या फ्लॅटची वास्तुशांत करायला जातात, नातवंडं सांभाळायला जातात. मी गेले ती एक धडा शिकवायला. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा. उदगीरला मी तो सगळी नोकरीभर शिकवला आणि निवृत्त होताना मनातल्या मनात त्याला रामराम ठोकला होता.

बोलावणं प्रज्ञाचं होतं. प्रज्ञा वाघमारे माझी जुनी विद्यार्थिनी. उदगीरजवळच्या खेड्यातून सायकलवर शाळेत यायची आणि जास्वंद उभी चिरून दाखवली की “मॅडम, कशावरून?” असं विचारायची. आता ती लग्न होऊन जुईनगरला राहते आणि उरणच्या बाजूला एका गावातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच.

“मॅडम, तुम्ही या एकदा,” ती फोनवर म्हणाली. “माझ्याच्यानं होईना. मी धडा घेतला की मुलं विचारतात, टीचर, तुम्ही हे मानता का? हो म्हटलं तरी विषय संपतो, नाही म्हटलं तरी संपतो.”

बसचं तिकीट मी त्याच संध्याकाळी काढलं. पितृपंधरवडा चालू होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, या दिवसांत कशाला बाहेर पडता. मी हसले होते.

जुईनगर

प्रज्ञाचं घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या सोसायटीत. दोन खोल्या, खिडकीला लोखंडी जाळी आणि जाळीत इतकी झाडं की आत हिरवा उजेड पडतो. आमच्याकडे अंगणात टाकलेला कपडा चहा होईपर्यंत खडखडीत वाळतो. तिथे माझी साडी पंख्याखाली दोन दिवस दमट राहिली, आणि मीठ बरणीतून चमच्यानं खरवडून काढावं लागायचं. पण ताटात ज्वारीची भाकरी होती, गावाकडून आलेल्या येसर मसाल्याची आमटी होती, कच्चा कांदा होता. पहिल्या घासाला मी उदगीरलाच होते.

प्रज्ञाचा नवरा मिलिंद बेलापूरला एका खाजगी ऑफिसात कारकून आहे. उमदा माणूस. मला स्वतःची खुर्ची देऊन तो खाली बसला.

“आमच्या घरात हा प्रश्नच नाही मॅडम,” तो म्हणाला. “आम्ही विज्ञान मानतो. देवबिव भानगडच नाही.”

“छान,” मी म्हटलं. “पण माणूस आणि माकड एकाच कुळातले, हे कशावरून?”

तो गोंधळला, मग हसला. “म्हणजे काय? शास्त्रज्ञांनी सांगितलंय की.”

स्वयंपाकघरातून प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला नाही. आपल्या भाषेत देवालाही मानतात, वडीलधाऱ्यांनाही मानतात, नवसही मानतात. त्याच रांगेत विज्ञानाला नेऊन बसवलं की त्याचीही पूजाच होते, तपासणी होत नाही. हे मला माहीत होतं. पण माझ्याच विद्यार्थिनीच्या घरात, इतक्या आपुलकीनं, ते ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

कळंबोली

दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं मला कळंबोलीला नेलं. तिथल्या एका शाळेत आसपासचे विज्ञान शिक्षक जमणार होते. कळंबोली म्हणजे लोखंडाचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सळयांच्या मोळ्या, पत्र्यांची भेंडोळी, आणि ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून पोळ्या लाटणारे पंजाबी, राजस्थानी ड्रायव्हर. सळया उतरवल्या की असा आवाज होतो की वर्गात वाक्य अर्ध्यावर सोडून थांबावं लागतं. तिथल्या शिक्षकांना त्याची सवय आहे. ते बोलता बोलता थांबतात, आवाज गेला की पुढच्या शब्दापासून सुरू करतात.

मी उदगीरहून एक स्टीलचा डबा नेला होता. झाकण चिकटपट्टीनं बंद केलेलं. आत काय आहे ते मी कुणाला सांगत नाही. हलवा, वाजवा, तिरका करा, लोहचुंबक लावून बघा, वजन करा. मग आत काय असेल ते सांगा, आणि कशावरून म्हणता तेही सांगा. विज्ञान असंच चालतं. निसर्गाचा डबा उघडून बघता येत नाही. डायनोसॉर मरताना आपण तिथे नव्हतो. पण डबा वाजतो, आणि त्या वाजण्यावरून खूप काही ठरवता येतं, आणि चुकलो तर सुधारताही येतं.

सुरुवातीला मजा आली. एक पोक्त सर म्हणाले आत गोटी आहे. दुसऱ्या बाई म्हणाल्या गोटी घरंगळली असती, हे अडखळतंय, म्हणजे सुपारी. वाद रंगला. मी मनात म्हटलं, जमलं.

मग एकजण म्हणाले, “बरं, आता उघडा.”

“उघडायचा नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे बरोबर उत्तर कोणाचं?”

“कोणाचं जास्त पटतं ते आत्तापुरतं. उद्या कुणी वेगळी चाचणी केली तर बदलेल.”

खोलीतली हवाच बदलली. “मॅडम, मुलांना असं सांगितलं तर पालक आम्हाला उभं करतील,” पोक्त सर म्हणाले. “विज्ञानात उत्तर एकच असतं. हा धडा पेपरला कसा येतो, कोणत्या प्रश्नात येतो, तेवढं सांगा.” कोपऱ्यात बसलेले एक तरुण सर दुसऱ्या बोर्डाच्या शाळेतले होते. ते म्हणाले, “आमच्या दहावीच्या पुस्तकातून तर हा भाग काढूनच टाकला. सुटलो.” सगळे हसले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. दिवसभर घसा कोरडा करणारी, निवडणुकीच्या कामाला जुंपलेली, जनगणनेला पळणारी माणसं होती ती. त्यांना एक ओझं कमी हवं होतं.

चहाला खाली गेलो. परत आलो तेव्हा डबा उघडा होता. सुपारी आणि घड्याळाचा तुटका पट्टा टेबलावर मांडून ठेवला होता, आणि ज्यांनी सुपारी सांगितली त्या बाईंचं सगळे अभिनंदन करत होते.

जासईच्या पुढे

तिसऱ्या दिवशी शाळेत. जासई मागे टाकून बस पुढे निघाली की दोन्ही बाजूंना कंटेनर लागतात. निळे, तांबडे, गंजके, एकावर एक रचलेले, चार-पाच मजली इमारतीएवढे. त्यांच्या मधून अचानक एक नारळ दिसतो, देवळाचं शिखर दिसतं, आणि कळतं की इथे गाव आहे. आमच्याकडे गाव दुरून दिसतं, आधी वड, मग पाण्याची टाकी. इथे गाव शोधावं लागतं.

दहावीच्या वर्गात मी आधी काहीच शिकवलं नाही. विचारलं, तुमच्या खाडीत काय काय मिळतं? मग काय, वर्गच्या वर्ग उठला. चिंबोऱ्या, कोलंबी, बोयटं, खुबे. आणि निवट्या.

निवटी हा मासा मी पुस्तकात वाचला होता, चित्रात पाहिला होता. बोटभर लांब, चिखलाच्या रंगाचा, पाणी ओसरलं की बिळातून बाहेर येऊन पुढच्या परांवर रेटा देत चालणारा मासा. आयुष्यभर मी तो फळ्यावर काढला. ही मुलं तो रश्शात बुडवून खातात.

“बघायला जायचं?” मी विचारलं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, वर पी.टी.च्या सरांना सोबत दिलं. “चांगला उपक्रम आहे, व्हिडिओ काढा, पालकांच्या ग्रुपवर टाकू,” असंही म्हणाले.

ओहोटी होती. बंधाऱ्यावरून उतरलो तर समोर चकचकीत काळा चिखल, पलीकडे खारफुटी, आणि त्याही पलीकडे क्रेनच्या माना. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. मग चिखलाचा एक तुकडा उडाला. मग दुसरा. मग नजर बसली आणि सगळा चिखलच हलायला लागला. डोक्याच्या माथ्यावर बसवलेले टपोरे डोळे, ते एकेक करून आत ओढून घेत, ओले करून पुन्हा बाहेर काढणारे मासे. दोन नर समोरासमोर आले आणि पाठीवरचा पर ताठ उभारून एकमेकांवर तोंड वासून उभे राहिले. मी नकळत पुढे पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत रुतले. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. मुलांनी खूप खणलं. चिखलानं ती गिळली ती गिळलीच.

ऋतुजा घरत नावाची मुलगी माझा हात धरून उभी होती. बारीक, लांब वेणीची, मघापासून काहीच न बोललेली.

“मॅडम,” ती म्हणाली, “मासा पान्यातून वर आला हे कुनी पाह्यलंय का?”

“नाही.”

“मंग कशावरून?”

मी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा माझ्याकडेच पाहत होती. मी म्हटलं, “ही निवटी आपली पूर्वज नाही बरं का. ती आजची आहे, तुझ्यामाझ्यासारखी. पण तिच्याकडे बघून एक गोष्ट कळते. मासा असून चिखलावर राहणं जमू शकतं. आता तू सांग, काय काय बदललं असेल तर जमतं?”

ती बराच वेळ बघत राहिली. डोळे वर आहेत, म्हणाली. पर जाड आहेत. अंग ओलं ठेवते, सारखी लोळते. मग थबकली. “पन मंग सगलेच मासे का नाय चढले वर?”

मी आयुष्यभर या प्रश्नाची वाट पाहिली आहे. मी उत्तर दिलं नाही. पोरं भांडायला लागली. एक म्हणाला, ज्यांना पाण्यात बरं चाललंय ते कशाला येतील. ऋतुजा म्हणाली, “ते ठरवून येतात का पन? माशाला काय कलतं?” मी म्हटलं, “हं, इथेच पकड.” आणि ती पकडून बसली. ज्यांचे पर जरा जाड निघाले ते जरा जास्त वेळ चिखलावर टिकले असतील, त्यांची पिल्लं वाढली असतील, असं तिनं तिच्या बोलीत, अडखळत, स्वतःच मांडलं. पुस्तकातला एकही शब्द न वापरता. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात मागून एक टारगट पोरगा ओरडला, “मंग मॅडम, परवा आमी पितरांना निवट्या वाढल्या, ते काय त्यांनी त्यांनाच खाल्लं?”

सगळे फिस्सकन हसले. मीही हसले. आणि त्या भरात म्हणाले, “अरे, खूप खूप मागं गेलं ना, तर तुझे पितर, माझे पितर आणि या निवटीचे पितर एकच.”

प्रज्ञा तोंडावर हात ठेवून हसत होती. पी.टी.चे सर व्हिडिओ काढत होते.

परतताना मी अनवाणी होते. ऋतुजा आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. ऋतुजाच्या आईनं दारातच थांबवून माझ्या पायांवर पाण्याचा तांब्या ओतला. “बाय गो, सगला चिखल झाला,” म्हणाली आणि हसली. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिनं घाईघाईनं चवळीची उसळ केली. तांदळाची भाकरी इतकी पातळ आणि पांढरी की मला आधी ती पोळीच वाटली. प्रज्ञा निवट्यांच्या कालवणावर तुटून पडली होती, नाकातून पाणी येईपर्यंत. निघताना तिनं स्वतःच्या चपला माझ्या पायात घातल्या. मी नको म्हटलं तर रागावली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बसमध्ये शेजारी बसलो होतो आणि काहीच बोलत नव्हतो. इतकं चांगलं वाटत होतं.

पुन्हा जुईनगर

व्हिडिओ आधी शाळेच्या ग्रुपवर आला, पूर्ण, कौतुकाच्या ओळीसकट. मग कुणीतरी त्यातला मधलाच तुकडा कापला. त्यात फक्त मुलांचं हसणं होतं, माझं ते एक वाक्य होतं, आणि माझ्या मागे तोंडावर हात ठेवून हसणारी प्रज्ञा होती. वर लिहिलं होतं, “शाळेत आपल्या पितरांची थट्टा. तेही पितृपक्षात.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रज्ञाचा फोन सकाळपासून थरथरत राहिला. तिनं एकदा वाचलं आणि तो पालथा घातला. पण मिलिंद वाचत सुटला. जेवणापर्यंत तो लाल झाला होता. त्यांच्या ओळखीच्या लोकांच्या ग्रुपवर त्यानं ती क्लिप टाकली होती आणि तिथे वेगळाच जोर चढला होता.

“आपण विज्ञान मानणारी माणसं,” तो म्हणाला. “मागं हटायचं नाही. सगळे तुझ्या पाठीशी आहेत. मोर्चा नेऊ म्हणतात.”

“कशासाठी?” प्रज्ञानं विचारलं.

“कशासाठी म्हणजे? अंधश्रद्धेविरुद्ध!”

“मिलिंद, तिथं काय झालं ते विचारलंस तू मला? निवटी कशी दिसते, विचारलंस? ती पोरगी काय बोलली?” ती फारच हळू बोलत होती. “ते पितर मानतात, आपण विज्ञान मानतो. मानतच बसलोय सगळे. बघायला कोणी तयार नाही.”

मिलिंदनं फोन बाजूला ठेवला. मला वाईट त्याचंही वाटत होतं. बायकोवर चाल करून येणाऱ्यांशी भांडायला तो निघाला होता, आणि तिनं त्यालाच थांबवलं. मी आत जाऊन भांडी घासत बसले.

ऑफिस

सोमवारी मुख्याध्यापकांच्या ऑफिसात बोलावणं आलं. प्रज्ञा म्हणाली, तुम्ही येऊ नका. मी गेले.

संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांना सगळे शेठ म्हणतात. सत्तरीचा, गव्हाळ, पांढरा सदरा घातलेला माणूस. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. बरोबर चार-पाच पालक आणि दोन बायका. ऋतुजाची आई त्यांच्यात नव्हती, एवढं मी पाहून घेतलं.

“वाक्य माझं आहे,” मी बसायच्या आधीच म्हटलं. “प्रज्ञाचा काही संबंध नाही. काय बोलायचं ते मला बोला.”

शेठ उठून उभे राहिले. मला खुर्ची पुढे केली. “तुमी बसा बाई. तुमी पाव्हन्या. कुलकर्णी मॅडम ना? तुमच्यावर कोनाचा राग नाय. तुमी चांगल्या मनानं बोलल्या. हिला कलायला पायजे हुतं.”

“पण तिनं एक शब्दही उच्चारला नाही.”

“हसली ना,” मागून एक बाई म्हणाली. “त्यांच्यात पितर घालत नाय, तिला काय त्याचं?”

मुख्याध्यापक टेबलावरचा पेपरवेट सरळ करत राहिले. माझं आडनाव कुलकर्णी आणि तिचं वाघमारे, एवढ्यावर तो निकाल लागला होता, आणि तो तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. चिखलात उभं राहून मी म्हटलं होतं की तुझे माझे पितर एकच.

मी शेठना समजावायला लागले. म्हटलं, यात पितरांचा अपमान नाही, उलट किती जुनं कूळ आहे आपलं ते बघा. पुरावा कसा मिळतो, हाडं काय सांगतात, खडकांची वयं कशी मोजतात. माझा आवाज मला वर्गातल्यासारखा ऐकू येत होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “बाई, तुमचं खरं असंल. मी नववी नापास. पन ऐका. शेती हुती ती शहराला गेली. मिठागरं हुती ती बंदराला गेली. खाडी भरत भरत कुठपर्यंत आलीय ते तुमी पाह्यलं. आमच्याकडं आता पितर तेवढे राह्यलेत. त्ये पन काढून न्यायचे का?”

मी नोकरीभर गोळा केलेले पुरावे त्या प्रश्नाच्या उपयोगाचे नव्हते.

प्रज्ञा उठली. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “हसायला नको होतं. माफ करा.” फळ्यावर तारीख लिहावी तितक्या सपाट आवाजात. त्या मागच्या बाईनं मान हलवली. शेठ म्हणाले, “झालं मग. लेकरांचं नुसकान नको.” चहा आला. आम्ही सगळ्यांनी तो प्यायला.

बाहेर पडताना मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, मी स्वतः बी.एस्सी. आहे. मला सगळं पटतं. पण दहावीचं विज्ञान यंदा दुसऱ्या सरांकडे देतो. वाघमारे मॅडमना कार्यानुभव आणि पाचवी-सहावी. त्यांनाच बरं, टेन्शन नको.” तो माणूस माझ्या डोळ्यांत बघत नव्हता.

बसस्टॉपवर उभ्या होतो. समोरून कंटेनरचे ट्रेलर जात होते, एक गेला की धूळ बसायच्या आत दुसरा.

“चूक माझी झाली,” मी म्हटलं.

“नाही मॅडम. ते वाक्य मी तुमच्याकडूनच ऐकलं होतं, आठवीत. तेव्हापासून ते माझं आहे.” मग ती म्हणाली, “तुम्ही परत या. पण शाळेत नको. नुसत्या घरी या.”

उदगीर

घरी येऊन आता दोन महिने होत आले. थंडी पडायला लागली आहे. प्रवासाहून आलं की लोक विचारतात, काय पाहिलं? मी निवट्यांबद्दल सांगते. डोळे कसे आत ओढतात, अंगावर पाणी कसं घेतात. लोकांना गंमत वाटते. पुढचं मी सांगत नाही.

प्रज्ञाचा फोन येतो. पाचवीच्या मुलांना ती कागदाच्या टोप्या शिकवते. चांगल्या जमतात म्हणते. उत्क्रांतीबद्दल आम्ही बोलत नाही. मिलिंदनं तो ग्रुप सोडला.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ऋतुजा होती. आईचा फोन घेऊन बोलत होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

“मॅडम, सराव परीक्षा हाय उद्या. उत्क्रांती पक्की येनार म्हनतात सर. नव्या सरांनी उत्तर लिहून दिलेलं, त्ये पान हरवलंय.”

“अगं, तुला उत्तर येतं की,” मी म्हटलं. “खाडीवर तूच सांगितलंस. जाड परांचं. तसंच लिही.”

ती म्हणाली, “तसं लिहिलेलं एकदा. सरांनी काटलं. पुस्तकातले शब्द पायजेत.”

“तुला काय वाटतं पण? तुझा तो प्रश्न होता ना, सगळे मासे वर का नाही चढले?”

“मॅडम,” तिनं आवाज खाली आणला, “मम्मी सांगते, पेपरात लिहायचं तसं लिहायचं. मनात धरायचं नाय.” आणि घाईनं पुढे, “मम्मीला फोन पायजे हाय. सांगा ना. उत्तराच्या पाच ओली पुरे.”

मला बरंच काही म्हणता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत होते. शेजारच्या वहिनींनी गच्चीवर कपडे टाकले होते, ते वाळून खडखडीत झाले होते. पलीकडे ऋतुजानं पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

“लिही,” मी म्हटलं. “उत्क्रांती म्हणजे सजीवांमध्ये अत्यंत सावकाश होणारा क्रमिक बदल होय.”

“सावकाश सांगा मॅडम,” ती म्हणाली. “अत्यंत... पुढं?”

मी पुढं सांगितलं.